हाफटाइमपर्यंत मामाकडून

मोनालीनं कोणाकडून खेळायचं, यावरून नागसेन खरातांच्या घरात तीन दिवस गॅस सोडून सगळं पेटलं होतं. नागसेन अंकुशनगरला कारखान्यात फिटर. मोनाली सोळा वर्षांची, शाळा इथली. पण कबड्डी शिकली ती सुट्ट्यांत, मामाच्या गावी, पिंपळगाव रेणुकाईला. रविवारी नेमका जालना जिल्ह्यातल्या याच दोन गावांच्या मुलींचा सामना ठरला. तो बघायला परभणीच्या एका क्रीडा वसतिगृहातून निवड करणारं कोणीतरी येणार होतं. जागा एकच. मोनालीला ती जागा पाहिजे होती, बस्स! कोणाच्या टीशर्टात मिळते, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. बापाला आणि मामाला मात्र तेवढ्याशीच होतं.

"खाती इथलं, मंग खेळणार तिकडून?" नागसेन म्हणाला.

"दाजी, पहिली पकड म्या शिकवली तिला!" भारतमामा फोनवरून ओरडला.

"अहो, दादाचं बराबर हाय की," मोनालीची आई ज्योत्स्ना एवढंच म्हणाली, आणि नागसेन ताटावरून उठला.

शेवटी मोनालीनंच निकाल दिला. "हाफटाइमपर्यंत मामाकडून, मंग बाबाकडून. आता भांडलात तर मी खेळतच न्हाई!"

रविवारी परभणीची जीप मैदानाशी थांबली. पुढून उतरला झकपक ट्रॅकसूट, काळा चष्मा आणि गळ्यात शिट्टी. नागसेन शाल घेऊन धावला, मामा नारळ घेऊन. दोघांनी मिळून त्या बिचाऱ्याला खुर्चीत दाबला, हार घातला, समोर पोह्यांच्या दोन बशा ठेवल्या. एक इकडची, एक तिकडची. तो मुकाट्यानं दोन्ही खात राहिला.

जीपच्या मागच्या दारातून एक बाई उतरली. साधं सुती लुगडं, धुळीनं भरलेल्या चपला. तिच्याकडं बघायला वेळ कोणाला? नागसेननं फक्कीची बादली तिच्या हातात दिली. "मावशी, उभ्या काय राह्यल्या? रेघा मारा जल्दी!" बाईनं एकदा ट्रॅकसूटकडं पाहिलं, एकदा नागसेनकडं, आणि पदर खोचून पांढरी भुकटी टाकायला लागली.

"मावशी, बोनसची रेघ चुकली," मोनाली ठसक्यात म्हणाली.

"न्हाई बाळ. 'निदान' म्हणतात त्या रेषेपासून एक मीटर. मोजून बघ."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!" म्हणत मोनालीनं टेप लावला. बरोब्बर एक मीटर! ती ओशाळली. "माझंच चुकलं, मावशी," म्हणाली आणि दोरीचं दुसरं टोक धरून शेवटपर्यंत तिच्यासोबत वाकून राहिली.

सामना सुरू झाला. निळ्या टीशर्टातली मोनाली अंकुशनगरच्या पोरी एकामागून एक बाद करायला लागली, आणि तिचा सख्खा बाप मैदानाबाहेर नाचत ओरडत होता, "धरा तिला! पाय धरा! सोडू नका कार्टीला!"

हाफटाइमला दोन्ही संघांनी बाजू बदलल्या. मोनालीनं संघच बदलला, त्यामुळं ती होती तिथंच राहिली. फक्त निळ्यावर पिवळा टीशर्ट चढवला. आता मामा बोंबलत होता, "पाडा तिला!" तीस-तीसवर सामना बरोबरीत सुटला. दोघांचेही घसे बसले होते.

तशाच घशांनी दोघं ट्रॅकसूटपुढं उभे राहिले. "साहेब, पोरीचं काय?"

"पोरगी बिलकुल झकास. पण मॅडमला इचारा. मी वसंता, डायव्हर."

"मंग शाल कशाला घेतली?" नागसेन किंचाळला.

"मला वाटलं, तुमच्याकडं डायव्हरला मान देतात. लई बरं वाटलं बघा!"

गिरिजाबाई मॅडम पदरावरची फक्की झटकत पुढं आल्या. नागसेनला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. "मॅडम, म्या तुम्हाला बादली..."

"रेघा बऱ्या झाल्या ना?" बाई हसल्या. "पोरगी घेते मी. दोन्हीकडून सारखीच झटली. आणि तुमच्या सगळ्या गर्दीत चुकलं म्हणणारी ती पहिली. बाकीच्यांना डायव्हरनं सांगावं लागलं."

मोनालीनं आईला घट्ट मिठी मारली. ज्योत्स्ना रडायलाच लागली. नागसेननं मामाला कवटाळलं. तीन दिवसांचं भांडण तिथंच मिटलं.

"पुढच्या महिन्यात आमचा पहिला सामना आहे," मॅडम जीपमध्ये बसता बसता म्हणाल्या. "दोघंही या बघायला."

"येणारच की! कोणासोबत हाय?"

"जालन्यासोबत."

जीप गेली. मामा हळूच म्हणाला, "दाजी, मंग आपण वरडायचं कोणाकडून?"

मोनाली टीशर्टाच्या घड्या घालत होती. तिनं वर पाहिलंही नाही.

"हाफटाइमपर्यंत जालन्याकडून," ती म्हणाली. "मंग माझ्याकडून."