विमलची पाठवणी

खोटं कसं बोलावं ते माझ्याकडून शिकावं! थोडकं बोलावं, गोड बोलावं आणि ऐकणाऱ्याला जे हवं तेच बोलावं. असं खोटं कधी अंगाशी येत नाही, हे माझं ठाम मत होतं. होतं म्हणतो, कारण चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत ते पार बदललं.

तेव्हा वसमतकडच्या गोरेगावात आमच्या गल्लीत रेडिओ एकच, आणि तो माझा! मी प्राथमिक शाळेत मास्तर. घरात मी, बायको सिंधू आणि माझी जनकाआत्या. आत्याला दोन्ही कानांनी कमी ऐकू यायचं. रेडिओतली माणसं तिच्यापुरती नुसती खरखरायची. पण माझा आवाज पडला चौथीच्या वर्गावर बारा वर्षं तापलेला! तो तिच्या कानात बरोबर शिरायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी सातला रेडिओवर ‘दोन दारं’ नावाची मालिका लागायची. विमल नावाची पोरगी. नवऱ्यानं माहेरी आणून सोडलेली. तो न्यायला येईल म्हणून ती वाट पाहत बसलेली. गोष्ट एवढीच, पण काय रंगायची! मी कोनाड्यातल्या रेडिओला कान लावायचो आणि एकेक वाक्य आत्याच्या कानात ओरडायचो.

“आत्या, विमलचा सासरा आला!”

“काहून आला मेला?”

“दागिने मागून राहिला!”

“देऊ नको म्हणावं तिला! एक मणी देऊ नको म्हणावं!”

समोरच्या ओट्यांवर बाया भाजी निवडत बसायच्या आणि माझ्या ओरडण्यावरच अख्खी मालिका ऐकायच्या. सासऱ्याला सगळ्या गल्लीनं मिळून शिव्या दिल्या होत्या.

विमलसारखंच आत्याचंही झालं होतं. सतराव्या वर्षी वसमतच्या सासरच्यांनी “चार दिवस राहून ये” म्हणून तिला माहेरी धाडलं. ते चार दिवस चाळीस वर्षं चालले! कुणी न्यायला आलं नाही. त्यावर घरात कुणी बोलत नसे, तीही नाही. विमलबद्दल मात्र भरभरून बोलायची. भाकरी थापता थापता मधेच म्हणायची, “रामकिसन, ती पोरगी जेवली असंल का रे आज?” मला तिनंच वाढवलं, पण आमच्या दोघांत एवढं बोलणं आधी कधी झालं नव्हतं. ते वीस-बावीस गुरुवार फार सुखाचे गेले.

मग मालिका लांबायला लागली. दारावर थाप पडायची, विमल दार उघडायची आणि तिथंच भाग संपायचा. पुढच्या गुरुवारी पुन्हा थाप, पुन्हा दार! सलग पाच आठवडे एकच दार करकरत होतं. वाटायचं, स्वतः जाऊन त्याच्या बिजागरीत तेल घालून यावं! शिवाय गुरुवारी ओरडलो की शुक्रवारी घसा बसायचा. पोरं पाढे म्हणायची आणि मी नुसती छडी हलवायचो. त्यातच अमृतराव पोस्टमनच्या ओसरीवर पत्त्यांचा डाव सुरू झाला. वार कोणता? गुरुवार!

मी ठरवलं, विमलला मार्गी लावून टाकायचं.

त्या गुरुवारी दारावर थाप पडली तसा मी रेडिओचा आवाज बारीक केला आणि ओरडलो, “आत्या! नवरा आला!”

“कुणाचा?”

“विमलचा! बैलगाडी घेऊन आला!”

आत्यानं हातातलं सूप खाली ठेवलं. “सासू हाय का संगं?”

“न्हाई! एकटाच!”

“गाडीत काय अंथरलंय?”

आता आली का पंचाईत! “गादी! वर चादर! फुलाफुलांची!”

“तोंडानं काई बोलला का?”

“चुकलं म्हणला! चार माणसांसमोर म्हणला! विमल बसली गाडीत, गेली नांदायला! संपली गोष्ट!”

आत्यानं पदर डोळ्यांना लावला. “चुकलं म्हणला,” ती स्वतःशीच बोलली. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, “चार माणसांसमोर म्हणला.” मला वाटलं, वा! दोन मिनिटांत एक माणूस सुखी केला! रेडिओ बंद केला, टोपी घातली आणि पत्ते कुटायला गेलो.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आलो तर सिंधू दारात उभी.

“तुमाला समजून राहिलं का, काय करून ठेवलंय ते? आत्याबाई घरोघर आवतनं देत फिरायल्यात!”

“कशाचं आवतन?”

“येत्या गुरुवारी विमलची ओटी भरायची हाय! पुरणाच्या पोळ्या हायेत!”

मी तसाच धावत सुटलो. आत्या समोरच्या केशरबाईच्या ओट्यावर सापडली.

“आत्या, अगं ती रेडिओतली हाय!”

“म्हून काय झालं? सहा महिने लेकरू आपल्या घरात रडलं. नांदायला चाललं तर रिकाम्या ओटीनं धाडू?”

“पण ओटी भरायची कुणाची? विमल हाय कुठं?”

आत्यानं मी खुळा असल्यासारखं माझ्याकडं पाहिलं. “कोनाड्यात!” ती म्हणाली.

गुरुवारी दिवेलागणीला आमच्या घरात पाट मांडला होता. पाटाभोवती रांगोळी आणि पाटावर माझा रेडिओ! त्याच्या अंगावर हिरवा खण. समोर सुपात गहू, नारळ, हळकुंडं, सुपारी. बारा बाया दाटीवाटीनं बसल्या होत्या. रेडिओतले सेल काढून ठेवावेत हे मला सुचायला नको? जगाच्या पोरांना अक्कल शिकवणारा माणूस मी! सिंधूला म्हटलं, “कायतरी कर.” ती पोळी उलटत म्हणाली, “भोगा आता!”

आत्या मात्र भिंतीला टेकून लांब उभी होती. केशरबाईनं तिला हात धरून पुढं ओढलं, तर मागं सरली. “माझा हात नको लागू द्या पोरीला. नांदत्या बाईचाच लागू द्या.” आपण काहीतरी वाईट केलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

इकडं बायांपुढं वेगळाच पेच. कुंकू लावायचं, पण रेडिओचं कपाळ कुठं असतं? गल्लीतल्या जिवनबाईनं बराच विचार करून स्टेशन दाखवणाऱ्या काट्याच्या काचेवर बोट टेकवलं. केशरबाईला हळद लावायची होती. तिनं शेजारचा गोल खटका पाहिला, हळदीची चिमूट घेतली आणि त्याला मायेनं गोल गोल चोळलं.

खट्ट! रेडिओ सुरू झाला! सात वाजून गेले होते. दार करकरलं आणि विमल हुंदके देत म्हणाली, “आई, आजही मला न्यायला कुणी आलं नाही गं!”

बारा बायांनी ऐकलं. केशरबाईचा हात तसाच हवेत राहिला.

“गुरुजी! आवो, ही तं माहेरीच हाय!”

आत्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिला दिसत होते ते फक्त बायांचे चेहरे. ती घाईघाईनं पुढं आली. “काय झालं? विमल बोलून राहिली का? काय म्हणते?”

सगळ्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. आणि माझा तो चौथीच्या वर्गावर तापलेला आवाज! फुटेल तर शपथ!

शेवटी जिवनबाई उठली. ही बाई तोंडाची अशी फटकळ की गावचा सरपंच तिची गल्ली टाळायचा. ती आत्याच्या कानाशी वाकली आणि ओरडली, “खुशाल हाय म्हणते! सासू लई जीव लावून राहिली म्हणते!”

केशरबाईनं खटका उलटा फिरवला. मग बायांनी ओटी भरली, भरता भरता डोळे पुसले. आत्याला वाटलं, पाठवणी म्हटली की रडू येणारच. जाताना जिवनबाई मला हळूच म्हणाली, “पोळी लई ग्वाड झाली होती, गुरुजी. पण तुमचं तोंड पाहू वाटंना.”

मी पत्ते बंद केले. पुढच्या गुरुवारी नवा भाग तयार ठेवून आत्याजवळ बसलो.

“आत्या! विमलनं म्हैस घेतली!”

“बरं झालं,” आत्या म्हणाली.

त्याच्या पुढच्या गुरुवारी विमलच्या नणंदेचं लग्न जमवलं. “जमू दे,” म्हणून आत्या दिव्यात तेल घालायला उठून गेली! तिसऱ्या गुरुवारी मी तोंड उघडलं, तर तिनं हातानंच थांबवलं.

“रामकिसन, आता नको सांगत जाऊ रे.”

“काहून? आवडंना का?”

“वाट पाहून राहिली होती, तवर ती माझ्या संगं होती. आता तिच्या घरची झाली. दुसऱ्याच्या संसारात म्या काहून डोकावू?” मग म्हणाली, “चांगलं झालं तिचं. लई चांगलं झालं.”

आणि ओट्यावर जाऊन गल्लीकडं तोंड करून एकटीच बसली. मला फार वाईट वाटलं. तिचं सोबतीचं माणूस मी स्वतःच्या हातानं गाडीत बसवून पाठवलं होतं, आणि कशापायी? पत्त्यांपायी! भाकरी थापताना आता ती काही विचारत नव्हती. मी “जेवण झालं का?” विचारायचो, ती “झालं” म्हणायची. बोलणं तिथंच संपायचं.

चौथ्या गुरुवारी पुन्हा अमृतरावकडे गेलो, पण डावात लक्ष लागेना. अर्ध्यातून उठून घरी आलो आणि रेडिओ लावला. दार करकरलं. विमल माहेरीच होती! ते करकरणं मला इतकं गोड लागलं म्हणून सांगू! कान देऊन अख्खा भाग ऐकला, धावत ओट्यावर गेलो आणि सगळा जीव घशात आणून ओरडलो,

“आत्या! विमल माहेरीच हाय! तिला न्यायला कुणी आलंच न्हाई! अजून वाट पाहून राहिली!”

आत्यानं फाडकन माझ्या तोंडावर हात मारला.

“गप! नांदत्या लेकीचं असं वंगाळ बोलतोस? मास्तर हायेस का कोण हायेस?”

आणि चार दिवस माझ्याशी बोलली नाही. आता कुणाला सांगू, की कित्येक आठवड्यांनी त्या दिवशी मी तिला भाग जसाच्या तसा सांगितला होता!