उंबऱ्याआतला परदेश

मोहाडीत डोमाजीकाकांच्या घराचा उंबरा ओलांडला की भारत संपायचा. असं ते स्वतःच सांगत. घरपट्टीवाला आला की आतून म्हणत, "भाऊ, इथं तुमचा कायदा चालत नाई." मग चपला घालून ओट्यावर, म्हणजे भारतात, येत आणि मुकाट्याने घरपट्टी भरत.

काका पूर्वी परदेशातल्या आपल्या वकिलातीत माळी होते; वकिलातीच्या फाटकाआत बाहेरच्या देशाचा कायदा चालत नाही, हे तिथंच शिकलेले. देश कुठला, ते सांगत नसत. "सरकारी गोष्ट हाये." त्या इमारतीचा इतिहास मात्र अख्ख्या गावाला पाठ होता. आठवडी बाजारात वांगी निवडतानाही सुरू व्हायचे, "पयले तिथं लोकरीचा व्यापारी होता. मंग लढाईत दवाखाना झाला. मंग लय वर्षं इमारत रिकामी. नुसते कबुतरं. मंग आपले लोकं आले, अन् खिडक्या उघडल्या."

वांगीवाली म्हणायची, "उडाले कबुतरं, काका. घेता का आता?"

मी कराडकडचा. सातवीत शाळा सुटली, आणि आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षी पोटासाठी इथल्या धानाच्या गिरणीत आलो. घरमालकाची मुलगी बाळंतपणाला आली, माझी खोली गेली. या मुलखात माझं कोणी नव्हतं. वळकटी घेऊन काकांच्या ओट्यावर टेकलो.

"कायले बसून राहिला इथं?"

मी सांगितलं. काका गंभीर झाले. "आसरा पायजे का तुले? मंग तोंडानं माग. मागल्याबिगर वकिलातीले घेता येत नाई."

मागितला. काकांनी वळकटी उचलून परदेशात नेली. भाड्याचं विचारलं, तर म्हणाले, "आसऱ्याले भाडं नसते बावा."

एवढे उपकार डोक्यावर घेऊन मी भीत भीत राहिलो. खोकला आला तर भारतात जाऊन खोकायचो. कधी 'जा' म्हणतील या धास्तीने शेवटी मीच गिरणीजवळ खोली पाहिली.

"उद्या निघतो काका. फार त्रास दिला तुम्हाला."

काका वरण घोटत होते. मान वर न करता सुरू झाले, "पयले इथं माय होती."

मला वाटलं, तीच इमारत.

"मंग तुयी काकू आली. थे बी गेली. मंग लय वर्षं इमारत रिकामी."

पुढचं वाक्य गावात कुणालाही आलं असतं. काका ते म्हणेनात. नुसती रवी फिरत होती.

मी उठलो आणि खिडकी उघडली.

"बरं केलं," डोळे पुसत काका म्हणाले. "धूर लय झालता."

चूल केव्हाच विझली होती.