एका ओळीची पंगत

रंगनाथने भिंत पाडली ती पंगतीसाठी. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर वाचणारा म्हणेल की माणूस खुळा होता. खुळा नव्हता. कोल्हारात त्याची बागायत होती, ऊस कारखान्याला जात होता, आणि पंचायतीत त्याला बसायला सतरंजी मिळायची. पण मानपानाचं भूत एकदा मानगुटीवर बसलं की भल्याभल्यांचं डोकं चालत नाही.

दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. रंगनाथची थोरली लेक छबू मॅट्रिक झाली होती आणि तिला बघायला बेलापूरचे आप्पासाहेब येणार होते. पोरगा कारखान्यात कारकून, घरची जमीन, निर्व्यसनी. असं स्थळ पुन्हा दारी येणार नव्हतं. पण आप्पासाहेबांची ख्याती मोठी बेकार. मागल्या सालीच त्यांनी एक ठरत आलेली सोयरीक ताटावरून उठून मोडली होती, कारण मुलीकडच्यांनी त्यांच्या माणसांची पंगत दोन खोल्यांत बसवली आणि आतल्यांना तूप आधी वाढलं. "आमच्या मानसांत दुजाभाव केला" म्हणाले आणि हात धुऊन एसटी गाठली.

आणि रंगनाथच्या माजघरात नेमकी मधोमध एक आडभिंत. अलीकडे निम्मी माणसं बसणार, पलीकडे निम्मी. विचार करकरून त्याला झोप लागेना. मग एका सकाळी त्याला साक्षात्कार झाला की भिंत पाडावी.

घर होतं धाब्याचं. वर लाकडी तुळया, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर हातभर मातीचं माळवद. बायको मुक्ताबाई म्हणाली की मामंजींनी भिंत उगाच बांधली नसेल, कुणाला तरी विचारा. रंगनाथला हसू आलं. भिंत त्याच्या डोळ्यांदेखत, तो शाळेत जात असताना बापाने उठवली होती. म्हणजे घर आधीचं, भिंत नंतरची. मग भिंतीवाचून घर उभं होतं की नव्हतं?

"तुमा बायकांना घर झाडता येतं, घर कळत न्हाई," तो म्हणाला. मुक्ताबाईने सूप पुढे ओढलं. ती दाणे निवडत बसली.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी त्याने शेजारच्या छगनला हाताशी धरलं आणि पहार घातली. संध्याकाळपर्यंत भिंत भुईसपाट, माती उकिरड्यावर, जमीन सारवून लख्ख. माजघर एवढं मोठं दिसायला लागलं की रंगनाथ या टोकापासून त्या टोकापर्यंत उगाच फिरून आला. मुक्ताबाईकडे बघून मिशीत हसलाही.

सकाळी त्याच्या टाळूवर माती पडायला लागली.

आधी वाटलं उंदीर असेल. मग वर बघितलं तर मधली तुळई धनुष्यासारखी वाकलेली. दिवा धरून पाहिलं, तर भिंतीच्या माथ्याआड इतकी वर्षं झाकलेली चीर उघडी पडलेली आणि तिच्यावर एक गंजकी लोखंडी पट्टी. तेव्हा रंगनाथला सगळा उलगडा झाला. ही तुळई बापाने राजूरच्या बाजारातून आणली होती, अस्सल सागाची म्हणून गावभर मिरवली होती. ती फुटली हे सांगायची लाज वाटली असणार, म्हणून तिच्याखाली गुपचूप भिंत उठवली आणि धान्यासाठी आडोसा केला असं सांगितलं. बापाने लाज झाकायला भिंत घातली होती आणि लेकाने मान मिळवायला ती पाडली.

गोठ्यातला एक खांब उपटून आणला तर तो वीतभर आखूड. खाली उखळ पालथं घालून वर खांब बसवला तेव्हा कुठे तुळईला टेकला. पण हात सोडला की उखळावरून घसरायचा. म्हणून रंगनाथने त्याला मिठी मारली आणि छगनला बैलगाडी जुंपून मळ्यातल्या छपराचा लांब खांब आणायला पिटाळलं. नुसती हाळी दिली असती तर आळीतून चार टेकू आले असते. पण मग गावात बोभाटा झाला असता. कुणाला बोलू नको, अशी छगनला शपथ घातली.

छगन यायच्या आधी पाहुणे आले. पहिल्याच एसटीने.

आप्पासाहेब दारातून आत आले आणि भेटीसाठी दोन्ही हात पसरून उभे राहिले. पाठीमागे त्यांची पंधरा माणसं. रंगनाथने खांबाआडून हनुवटी हलवून रामराम घातला. पसरलेले हात तसेच राहिले. मग हळूहळू खाली आले आणि आप्पासाहेबांच्या भिवया वर गेल्या. आता हे वळतात आणि एसटी गाठतात, असं रंगनाथला वाटलं. त्या क्षणी खरं बोलायला काय हरकत होती? पण जीभ टाळूला चिकटली आणि सुटली ती भलतंच बोलत सुटली.

"राग मानू नका, आप्पासाहेब. नवस हाय. लेकीची सोयरीक जुळंपत्तुर खांब सोडनार न्हाई, आसं भगवतीला बोललोय."

कोल्हारच्या भगवतीचं नाव निघताच पाहुण्यांचा नूरच पालटला. कुणी हात जोडले. एका म्हातारीने पुढे होऊन खांबाला कुंकू लावलं, बोटाला उरलेलं रंगनाथच्या कपाळावर टेकवलं. असला बाप बघितला नाही, असं सगळे एकमेकांना सांगू लागले. आपण देवीच्या नावावर खोटं बोललो या विचाराने रंगनाथचे कान तापले. मुक्ताबाई स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्याकडे बघत होती. त्याने मान फिरवली.

आप्पासाहेब म्हणाले की बाप ताटकळलाय तर आधी मुलगी बघून घेऊ. छबू आली, पाटावर बसली. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. तेवढ्यात सुपारीच्या तबकात एक ढेकूळ पडलं. आप्पासाहेबांनी ते उचललं, बोटांनी चुरलं, वर बघितलं, मग छबूकडे बघितलं.

"पोरी, तुज्या बापाचा नवस कवाचा गं?"

छबूने बापाकडे पाहिलं. रंगनाथने डोळ्यांनी विनवलं, तिच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. तिची मान खाली गेली आणि मग वर आली.

"नवस न्हाई," ती म्हणाली. "तुमाला एका ओळीत बसवायचं म्हनून आबांनी काल भिंत पाडली. तुळई फुटल्याली निघाली. त्यांनी खांब सोडला तर माळवद खाली येईल. तुमी समदी अंगनात चला."

 माळवद आत्ताच पडावं आणि आपण त्याखाली गडप व्हावं, असं रंगनाथला मनापासून वाटलं. आप्पासाहेब उठले. त्यांच्यामागे सगळी माणसं उठली आणि बाहेर गेली. म्हातारी जाताना थांबली आणि पदराने खांबावरचं कुंकू पुसून गेली. त्याच्या कपाळावरचं मात्र तसंच राहिलं.

लेकीचं वाटोळं केलं, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत राहिलं. बराच वेळ गेला, छगनचा अजून पत्ता नव्हता. मग बाहेरून ताटांचा आवाज यायला लागला. मुक्ताबाई आत आली.

"लिंबाच्या सावलीत बसवलं," तिने सांगितलं. "समदी एका ओळीत. वर जागाबी उरली."

अंगणाचं आपल्याला सुचलंच कसं नाही, हे विचारायची रंगनाथला हिंमत झाली नाही. त्याने फक्त सोयरिकीचं विचारलं.

"जुळली. पोरगी खरं बोलती, तेवढं आमाला पुरं, म्हनले. बापाचं आमी मनावर घेत न्हाई."

आनंदाने रडावं की शरमेने, हे त्याला ठरवता येईना. डोळे पुसायला हातही मोकळा नव्हता. इतक्यात आप्पासाहेब दारात आले. त्यांनी फेटा काढून मुक्ताबाईच्या हातात दिला आणि बाह्या वर सारल्या. त्यांनी खांबाला पलीकडून मिठी मारली.

"सोडा," ते म्हणाले. "व्याही उपाशी आन आमी जेवायचं, आसं आमच्यात न्हाई. तुमी आधी बाहीर जाऊन बसा. पंगत खोळंबलीया."

"आप्पासाहेब, तुमी पाव्हनं... माज्या घरात..."

"म्हनूनच म्हंतो, सावकाश जेवा," आप्पासाहेब वर बघत म्हणाले. "पन लई सावकाश नको."