झिपरू अस्वलाची पेन्सिल

एका जंगलात, बाळांनो, झिपरू नावाचं एक अस्वल राहत होतं. ते दरबारी चित्रकार होतं. सिंहमहाराजांची आयाळ केव्हाच विरळ झाली होती. झिपरू ती सोनेरी रंगाने भरून काढायचं. त्याबद्दल त्याला मध मिळायचा, मानही मिळायचा. फक्त चित्र काढताना मजा येईनाशी झाली होती.

एकदा रंग वाळेपर्यंत सहज म्हणून त्याने पेन्सिल घेतली आणि समोरचं वारूळ काढलं. रेघ चुकली. खोडली. पुन्हा काढली. बघता बघता दुपार सरली आणि झिपरू जेवायचं विसरलं. अस्वल जेवण विसरतं म्हणजे काय, तुम्हीच समजा! मग ते रोज वारुळापाशी बसू लागलं. अगदी मनापासून खूश होतं बिचारं.

कलामंडळाचे अध्यक्ष कोल्हेसाहेब तिथून चालले होते. त्यांना साधा गोल काढता येत नसे, म्हणून तर ते अध्यक्ष होते.

"झिपरू, हा काय पोरखेळ? रंग संपले का?"

"मजा येते, साहेब."

"मजा?" साहेबांनी नाक मुरडलं. "या वयात?"

पुढे परदेशातून एक करकोचा पाहुणा आला. त्याने वारुळाचं चित्र पाहिलं आणि म्हणाला, "आमच्याकडे सध्या हेच चालतं."

झालं! साहेब एका दिवसात पेन्सिलीचे भक्त झाले. साहेबांचं पाहून जंगलभर पेन्सिली कानांवर चढल्या. मगरीच्या कानावर ती टिकेना, तिने दातांत धरली. कुणी काढलं काहीच नाही. चर्चा मात्र धो धो झाली.

मग झिपरूचा सत्कार ठरला. शाल, श्रीफळ, हत्तीचं लांबलचक भाषण. शेवटी साहेबांनी झिपरूच्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि काचेच्या पेटीत ठेवली. टाळ्या पडल्या.

"साहेब, ती मला लागते हो," झिपरू कळवळून म्हणालं.

"अरे, टोक झिजेल! जंगलाचा ठेवा आहे तो."

"पण ती झिजवायचीच असते ना?"

"कलावंत भोळा असतो तो असा," साहेब माइकवर म्हणाले. पुन्हा टाळ्या.

झिपरूने दुसरी पेन्सिल शोधली. एकही शिल्लक नव्हती, आणि कानावरची कोण देतो? त्याला रडावंसं वाटलं. पण अंगावर शाल असताना रडता येत नाही.

आता झिपरूला फार मागणी आहे. 'रेषेचा आनंद' या विषयावर ते जंगलोजंगली बोलतं. परवा एका सशाने विचारलं, "सध्या काय काढताय, काका?"

झिपरूचा पंजा आपोआप वर आला आणि हवेत रेघ ओढू लागला. साहेबांनी तो हळूच धरून खाली केला.

"हात हलवू नकोस," ते पुटपुटले. "फोटो घेतायत."

तात्पर्य: खरा आनंद साधेपणात असतो, बाळांनो. म्हणून तो ज्याला सापडेल, त्याचा ताबडतोब सत्कार करावा. म्हणजे तो पुन्हा त्या नादाला लागत नाही.