सबनीसकाकांची मूळ प्रत

सबनीसकाका टीव्ही बघायचे ते मांडीवर कादंबरी उघडून आणि कानावर पेन्सिल खोचून.

आमच्या गाझियाबादच्या नव्या सोसायटीत तेव्हा केबल नुकती आली होती. रविवारी सकाळी एका जुन्या, गाजलेल्या मराठी कादंबरीवरची हिंदी मालिका लागायची. मी खालच्या मजल्यावरचा नवा नोकरदार, टीव्ही नसलेला. त्यामुळे पोह्यांच्या वेळेला मी वर हजर.

काकांची नोकरी केंद्र सरकारच्या एका खात्यात झाली. टाइप झालेला कागद मूळ मसुद्याशी ताडून बघायचा, हे त्यांचं काम. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने मसुद्यावर बोट फिरवायचं. काका रिटायर झाले, बोट झालं नाही. नायकाच्या आईने मक्याची रोटी थापली, की काका म्हणत, "मूळ प्रतीत नाही. भाकरी आहे." नायकाने नायिकेचा हात धरला, की, "मूळ प्रतीत नुसता बघतो. तेही लांबून." लग्नात सगळं गाव नाचलं तेव्हा त्यांनी पुस्तक उलटं धरून झटकलं, पानांत कुठे ढोलकी अडकलीय का ते बघायला. दर सोमवारी मालिकावाल्यांना तक्रारीचं पत्र जाई, तीन प्रतींत. उत्तर कधी आलं नाही. "बिल्कुल बेजबाबदार लोक, यार," एवढंच काका म्हणत आणि पुढचं पत्र लिहायला घेत.

काकूंना मोतीबिंदू झाला होता. पडद्यावरची माणसं त्यांना धुरकट दिसत. मालिकेने त्यांना फसवू नये म्हणून काका दर शनिवारी पुढचं प्रकरण वाचून दाखवत. ऑपरेशन मात्र काकू पुढे ढकलत होत्या. "अजय आला की करू," म्हणत. अजय त्यांचा एकुलता एक मुलगा, अमेरिकेत कॉम्प्युटरच्या नोकरीत. तो तीन वर्षं येतच होता. कादंबरीतलाही मुलगा सातासमुद्रापार गेलेला आणि आई वाट बघणारी. काकू जिवाचा कान करून ऐकायच्या.

शेवटच्या शनिवारी काकांचा घसा बसला. प्रकरण वाचायचं राहून गेलं.

रविवारी मालिका संपली. मुलगा आला नाही. आई दारात बसून राहिली. मी कॉलेजात ती कादंबरी वाचली होती. एकदाचं सगळं पुस्तकाबरहुकूम झालं होतं, म्हणून मी काकांच्या शाबासकीची वाट बघत होतो.

"मूळ प्रतीत नाही हे," काका खणखणीत आवाजात म्हणाले. "मुलगा येतो."

आणि ते वाचायला लागले. बैलगाडी थांबली, मुलगा उतरला, आईने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी शेजारीच होतो. त्यांच्यासमोरच्या पानावर प्रकाशकाच्या इतर पुस्तकांची यादी होती. काका मला त्या दिवशी फार आवडले.

मी निघालो तेव्हा काकू डबा द्यायला जिन्यापर्यंत आल्या.

"लग्नाआधी दोनदा वाचलीय मी ती," त्या हळूच म्हणाल्या. "ह्यांना सांगू नकोस हं. आणि उद्या डॉक्टरकडे जायला रिक्षा सांगून ठेव. आता अजयसाठी थांबत नाही. मला दिसायला लागलं की मीच वाचून दाखवीन. मनाने रचून वाचायचं म्हणजे फार घाम फुटतो रे ह्यांना."