कुंदामावशींची कवायत

समोर कुणी खुर्चीवर बसून राहिलेलं कुंदामावशींना चालत नाही. खुर्ची दवाखान्यातली असो, विमानतळावरची असो, नाहीतर आमच्या शॉमबर्ग गावातल्या एका चर्चच्या तळघरातली असो, त्या जाऊन समोर उभ्या राहतात आणि विचारतात, "पाय दुखतोय, की नुसतंच?" नुसतंच असेल तर उठावं लागतं. प्रश्न त्या मराठीतच विचारतात. समोरचा माणूस आयोवाचा असला तरी उठतो, हे मी स्वतः पाहिलेलं आहे.

सांगलीकडच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं त्या पी.टी.च्या बाई होत्या. यजमान गेल्यावर लेकीनं, म्हणजे केतकीनं, त्यांना इकडे आणलं. केतकी माझी शेजारीण. आमच्या दोन टाउनहाउसांच्या मध्ये एकच भिंत आहे. ती आणि तिचा नवरा सकाळी साडेसातला बाहेर पडतात ते साडेसहाला उगवतात. मधले अकरा तास मावशी आणि फ्रीज. सहा महिन्यांत त्यांनी ते घर इतकं नीट लावलं, की केतकीला स्वतःचा कुकर सापडेना.

मग लायब्ररीत त्यांनी एक कागद पाहिला. जुन्या काळातले बॉलरूम आणि कंट्री डान्स, एक आड एक शुक्रवारी, सर्वांचं स्वागत. जोडीदार नसला तरी चालेल, काही येत नसलं तरी चालेल. कागद माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "नीलेश, पहिलं आपल्या दोघांना लागू आहे, दुसरं फक्त तुला. गाडी काढ."

मी गाडी काढली. मावशींना नाही म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय.

चर्चच्या तळघरातल्या त्या हॉलमधला प्रकार असा. दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकजण व्हायोलिन वाजवतो, एकजण पियानो. रूथ नावाची एक सडसडीत बाई माइकवरून पुढची चाल सांगत जाते. प्रत्येक जोडी शेजारच्या जोडीबरोबर एक फेरी नाचते आणि एक घर पुढे सरकते. दोन-तीनशे वर्षांपूर्वीचे हे नाच, त्यामुळे हौशी बायका पायघोळ झगे घालून येतात. वॉल्टर नावाचा रिटायर्ड प्लंबर तर गुडघ्यापर्यंतची विजार आणि जाकीट घालून येतो. त्यांच्यात मावशी, सलवार-कमीज आणि पांढरे कॅनव्हासचे बूट.

पहिल्या दिवशी त्यांनी पाच मिनिटं नुसतं पाहिलं. "ह्याला हे लोक नाच म्हणतात? कवायत आहे ही. आणि रांग वाकडी आहे." असं म्हणून पर्समधून शिट्टी काढली आणि वाजवली. व्हायोलिनवाला दचकून थांबला. रूथनं हसत हसत शिट्टी परत पर्समध्ये ठेवायची विनंती केली. मावशींनी ती मानली, कारण ज्याच्याकडे माइक त्याचा वर्ग, एवढी शिस्त त्या पाळतात. पण रांग त्यांनी सरळ करून घेतलीच. आता वॉल्टर स्वतःच "रांग, रांग" करत लोकांना मागेपुढे ढकलतो. त्याला वाटतं, नाचातल्या बऱ्याच शब्दांसारखा हाही एखादा जुना फ्रेंच शब्द असावा.

इथल्या मराठी मंडळात ही बातमी पोचायला वेळ लागला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका काकूंनी सगळ्यांसमोर विषय काढला, "मावशी, या वयात नाचणं शोभतं का हो?" मी दारात गाडीची किल्ली घेऊन उभा होतो.

मावशी म्हणाल्या, "कुठल्या वयात शोभतं ते सांगा. आणि त्या वयात तुम्ही नाचला होतात का, तेही सांगा."

मावशींनी वाण घेतलं, एक तिळाची वडी तोंडात टाकली, दुसरी माझ्यासाठी रुमालात बांधली आणि निघाल्या. त्या काकूंना मी तेव्हापासून नमस्कार करतो, पण वाकून करत नाही.

हे सगळं पावणेदोन वर्षं छान चाललं. मग या नोव्हेंबरात मावशी पडल्या. नाचताना नाही. गॅरेजच्या पायरीवरून, कचऱ्याचा डबा ओढताना. उजवं मनगट मुरगळलं, कंबरेला मार लागला, हाड शाबूत. पण केतकीची बंदी आली ती नाचावर.

"पडले गॅरेजात," मावशी म्हणाल्या, "मग गॅरेज बंद करा."

केतकीनं त्यांना ट्रेडमिल आणून दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "नीलेश, प्लीज यार, तू तिला नेऊ नकोस. राइड नसली की ती जाणारच नाही. हिप फ्रॅक्चर झालं तर काय करू मी?" तिचे डोळे भरले होते, आणि मी भित्रा माणूस आहे. शुक्रवारी मावशींना फोन करून सांगितलं, गाडी सर्व्हिसिंगला दिली आहे.

"बरं," मावशी म्हणाल्या. "तुझ्या दारात उभी आहे ती ज्याची असेल त्याला सांग, पुसून ठेव म्हणावं. फार मळली आहे."

त्यानंतर त्या सामाईक भिंतीमागे बसवेना. मी निर्लज्जासारखा एकटाच हॉलवर गेलो आणि खुर्च्या लावल्या. सात वाजून गेले, दोन नाच झाले आणि दार उघडलं. दारात कुंदामावशी, मनगटाला क्रेप बँडेज, बगलेत बुटांची पिशवी. मागे भरघोस मिशांचा पोलीस.

अडीच मैल. त्यातला निम्मा रस्ता असा, की चालायला फुटपाथच नाही. अशा रस्त्यानं कुणी पायी निघालं की इथे पोलिसांना काळजी वाटते. त्यानं गाडी थांबवून विचारलं, आर यू लॉस्ट? मावशी म्हणाल्या, "नो. आय अ‍ॅम लेट."

"इज शी विथ यू?" त्यानं हॉलला विचारलं.

वॉल्टरसकट वीस-बावीस माणसं एकदम "येस" म्हणाली. मी सगळ्यात शेवटी म्हणालो, आणि माझ्याच आवाजाची मला लाज वाटली.

केतकीला मीच मेसेज केला. पंधरा मिनिटांत ती आली, गळ्यात ऑफिसचा बॅज, पायात घरातल्या सपाता. वाद्यं थांबली.

"आई, धिस इज नॉट सेफ. अंधारात, त्या रस्त्यावरून? आणि इथे पडलीस तर?"

"इथे पडले तर उचलायला वीस माणसं आहेत," मावशी म्हणाल्या. "घरी कोण आहे?"

"मी आहे ना. त्या दिवशी मीच उचललं तुला."

"त्या दिवशी दीड तास पडून होते मी, केतकी. फोन आत ओट्यावर. तू आलीस तेव्हा म्हटलं, आत्ताच पडले."

केतकीनं गळ्यातला बॅज काढून मुठीत धरला.

"आधी हाका मारल्या. मग म्हटलं, कुणाला मारतेय? पलीकडे नीलेश नाही, इकडे तुम्ही नाही. मग पाढे म्हटले. एकोणतीसपर्यंत." त्यांचा आवाज वर्गातल्यासारखाच खणखणीत होता, फक्त शेवटी चिरला. "मला पडायची भीती वाटत नाही गं. तशी पडून राहायची वाटते. मी येणार इथे. तू गाडी दिलीस तर गाडीनं, नाहीतर चालत."

हॉलमधल्या कुणाला यातलं अक्षर कळलं नव्हतं. मला कळलं होतं. दीड तास ती बाई माझ्या भिंतीपलीकडे होती, आणि मी ऑफिसातल्या कसल्यातरी पुचाट मीटिंगला मान डोलावत होतो.

रूथनं माइक उचलला आणि हळूच सांगितलं, पुढचा नाच अगदी संथ आहे, नुसतं चालायचं.

मावशींनी डावा हात पुढे केला.

"आई, मला नाही येत."

"चालता येतं ना? चल."

केतकी चुकत गेली. डावीकडे म्हटलं की उजवीकडे, पुढे म्हटलं की जागच्या जागी. डोळे पुसायला थांबली की मागची जोडी येऊन थडकायची आणि सॉरी म्हणायची. मावशींनी तिला एकदाही टोकलं नाही. समोर येईल त्या माणसाला केतकीचा हात देत होत्या आणि फेरी संपली की परत घेत होत्या.

नाच संपला. इथला रिवाज असा, की एक नाच झाला की झुकून आभार मानायचे आणि जोडीदार बदलायचा. सगळ्यांनी बदलले. वॉल्टर माझ्याकडे आला. मधोमध त्या दोघी तशाच उभ्या होत्या. केतकीनं दोन्ही हातांत आईचा डावा हात धरला होता आणि ती तिला काहीतरी सांगत होती. व्हायोलिन सुरू झालं, तेव्हा रूथनं रांगा दोन्ही बाजूंना जराशा सरकवल्या आणि त्या दोघींना वगळून मोजणी सुरू केली. त्या दिवशी आमची रांग वाकडीच राहिली, आणि कुणीही ती सरळ करायला गेलं नाही.