फाट्यावर मांडलेलं घर

आमच्या ह्यांना देवानं मान दिली ती फक्त खालीवर हलवायला. डावीउजवीकडे ती हललेली मी आजवर पाहिली नाही. शेजारचा थोरला म्हणाला, "यंदा पाऊस भरपूर," की हे म्हणणार, "हो, भरपूर." त्याचा धाकटा भाऊ म्हणाला, "यंदा कोरडंच जाणार," की हे, "हो, कोरडंच." या दोन होकारांवरून त्या भावाभावांत जुंपली. भांडण मिटवायला शहाणा माणूस हवा म्हणून ह्यांनाच बोलावलं. हे गेले, दोघांनाही "तुझं बरोबर आहे" असं सांगून, दोन्ही घरचा चहा पिऊन परत आले. ते भाऊ अजून बोलत नाहीत. दोघेही ह्यांना मात्र देवमाणूस म्हणतात.

आता असं माणूस बरोबर घेऊन मी घर हलवलं, त्याची ही गोष्ट. आणि आधीच सांगून ठेवते, योजनेत माझ्याकडून तसूभरही चूक नव्हती.

आमचं घर म्हणजे जगाचं शेपूट. डोंगराच्या कुशीत, ओढ्यापलीकडे, आणि ओढ्यावरचा पूल इतका अरुंद की समोरून बकरी आली तर आपण मागे सरायचं. गुडघे बोलायला लागले, ह्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तेव्हा शहरातल्या मुलाकडे जायचं ठरलं. घर विकलं. नवीन मालक दुपारीच बायकापोरांसह राहायला येणार होता. म्हणजे परतीचा दोर कापलेला.

मुलगा म्हणाला, "आई, सामान हलवणारी माणसं मिळतात. ती येऊन खोक्यांत भरतात, नेतात, लावूनही देतात. तू नुसती बसून राहा."

मी म्हटलं, "ज्या दिवशी परकी माणसं माझी भांडी खोक्यात भरतील, त्या दिवशी मलाही भरा म्हणावं. तू एक ट्रक पाठव. बाकीचं मी बघते."

तेवढ्यात सूनबाईनं फोन घेतला. गोड बोलते हो, पण गोडातही खडे असतात. "आई, दिवे लागायच्या आत सगळं सामान न फुटता घरात आलं ना, तर स्वयंपाकघर तुम्ही म्हणाल तसं लावू. नाही जमलं तर मी लावलंय तसं राहू द्या."

"ठरलं," मी म्हटलं.

बायकांना हे समजावायला नको. डबा कुठल्या फळीवर, पातेली कुठं, ओट्याची कुठली बाजू रिकामी ठेवायची, हे जी ठरवते तिचं घर. बाकीच्या त्या घरात राहतात. उरलेलं आयुष्य मला दुसरीच्या ओट्यापाशी "अगं, चमचे कुठं ठेवलेत?" असं विचारत काढायचं नव्हतं.

माझी शाळा दुसरीतच सुटली, पण डोकं शाबूत आहे. लोक घर हलवतात म्हणजे काय करतात? सगळं गाठोड्यांत कोंबतात आणि मग नव्या घरी पोचल्यावर महिनाभर उशीच्या खोळीत गाळणी सापडते. मी म्हटलं, गाठोडी बांधायचीच नाहीत. पूल ओलांडून ट्रक आत येणार नाही, म्हणजे सामान पुतण्याच्या ट्रॅक्टरनं ओढ्याच्या पाण्यातून फाट्यापर्यंत न्यायचंच आहे. तर मग फाट्यावरच्या मोकळ्या जागेत घर जसंच्या तसं मांडायचं. इथं स्वयंपाकघर, इथं बैठक, इथं झोपायची खोली. ट्रकमध्ये भरायचं तेही खोलीखोलीनं, आणि उतरवायचंही तसंच. भांड्याला कपड्याचा हात लागणार नाही.

"कशी आहे योजना?" मी ह्यांना विचारलं.

"छान आहे," हे म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

पुतण्यानं सकाळपासून खेपा मारल्या आणि उन्हं डोक्यावर यायच्या आत फाट्यावरच्या मोठ्या झाडाखाली माझं घर उभं राहिलं. नजर लागावी असं. मधोमध टेबल आणि भोवती खुर्च्या. मागे आरशाचं कपाट. एका बाजूला पलंग, वर चादर अंथरलेली, कारण उघडी गादी लोकांना दाखवायची नसते. शेगडी, सिलिंडर, पाण्याचं पिंप, डब्यांची मांडणी. भिंतीवरच्या घड्याळाला भिंतच नव्हती, म्हणून ते झाडाच्या खोडाला टांगलं. पुतण्या ट्रॅक्टर घेऊन आपल्या कामाला गेला. आम्ही दोघं ट्रकची वाट बघत बसलो.

थोड्या वेळानं दोन माणसं मोटारसायकलवरून आली. थांबली. घड्याळाकडे बघितलं, खुर्च्यांकडे बघितलं, आणि एकानं ह्यांना विचारलं, "काका, चहा मिळेल का?"

आता जगातला कुठलाही माणूस काय म्हणेल? म्हणेल, बाबा रे, हे हॉटेल नाही, हे आमचं घर आहे, जरा उघड्यावर आलंय इतकंच. आमचे हे म्हणाले, "मिळेल की. बसा."

मी ह्यांना कपाटामागे ओढलं. "अहो, काय केलंत?"

"अगं, त्यांना तहान लागली होती."

"ओढ्याला पाणी आहे की."

"हो, तेही आहे," हे म्हणाले.

पण एकदा बसा म्हटल्यावर माझ्या दारातून कुणी कोरडं गेलेलं नाही, मग दाराला घर असो नाहीतर नसो. मी शेगडी पेटवली. आलं ठेचून घातलं. त्यातला एक जण पहिला घोट घेऊन म्हणाला, "मावशी, असा चहा या सगळ्या रस्त्यावर नाही."

खोटं कशाला बोलू, मला राग यायला हवा होता तो आला नाही.

माणूस माणसाला बघून थांबतो. मोटारसायकल दिसली म्हणून जीप थांबली. जीप दिसली म्हणून एसटी थांबली, आणि एसटीतून तर अख्खं गाव उतरलं. कंडक्टरनं खाली येऊन माझ्या कपाटाच्या आरशात भांग पाडला. एक आजोबा सरळ पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "इथली सोय चांगली आहे." एका बाईनं माझ्या मांडणीवरचा बिस्किटांचा डबा स्वतःच उघडला आणि पोरांना वाटला. ह्यांना कुणी विचारलं, "हॉटेल नवीन का?" हे म्हणाले, "हो, आजच." कुणी विचारलं, "संध्याकाळी चालू असतं का?" हे म्हणाले, "हो." एकानं कपाटावर थाप मारून विचारलं, "हे विकणार का?" आणि ह्यांची मान खाली जायला लागली, तेवढ्यात मी हातातलं उलथनं टेबलावर असं आपटलं की ती मान अर्ध्यावरच थबकली. तेवढं तरी वाचलं.

आणि ट्रकचा पत्ता नाही. सावल्या लांब व्हायला लागल्या. हे मधूनमधून फोन घेऊन रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर चढायचे, कारण आमच्याकडे रेंज यायची असेल तर तिथंच येते, तीही लहर लागली तर. लहर लागली नव्हती.

त्या गर्दीत एक जण बराच वेळ कोपऱ्यातली खुर्ची धरून बसला होता. स्वच्छ पांढरा शर्ट, खिशाला पेन, केस तेल लावून चापून बसवलेले. वळणाकडून चालत आला होता. मला वाटलं, विम्याचा एजंट असावा. तीन कप चहा झाला तरी उठेना. सारखा रस्त्याकडे बघायचा आणि उसासे टाकायचा.

शेवटी मीच विचारलं, "काय हो भाऊ, कुणाची वाट बघताय?"

"गिऱ्हाईकाची, मावशी. दुपारपासून खोळंबलोय. इथंच भेटायचं ठरलं होतं. मघाशी पलीकडे रेंज होती तेव्हा फोन लावला, तर म्हणतात माणसं फाट्यावरच बसलीत. कुठं बसलीत? तुमच्या हॉटेलाशिवाय इथं काय आहे?"

"फोनवर लोक बिनधास्त खोटं बोलतात," मी म्हटलं. "माझ्या बहिणीचा जावई अंथरुणातून सांगतो, गाडीत बसलोय म्हणून."

"काय करू, कळत नाही. थांबू का?"

माझ्याकडे कुणी सल्ला मागितला आणि मी दिला नाही असं झालेलं नाही. मी पदर खोचला आणि म्हटलं, "अजिबात थांबू नका. ज्यांना दुसऱ्याच्या वेळेची चाड नाही, अशा लोकांचं काम करायचंच नाही. एकदा रिकामं बसू देत त्यांना. जन्माची अद्दल घडेल. काय हो?" असं मी ह्यांना विचारलं.

हे ह्या वेळी जरा घुटमळले. त्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, खरं आहे."

"मावशी, तुम्ही डोळे उघडलेत," तो म्हणाला, आणि ताठ मानेनं वळणाकडे चालत गेला. थोड्या वेळानं पलीकडून काहीतरी मोठं घरघरत सुरू झालं आणि लांब लांब गेलं. मी कप विसळत होते. एक माणूस वाटेला लावला म्हणून मला समाधान वाटत होतं.

तेव्हा फोनला लहर लागली. मोरीवरून ह्यांनी फोन माझ्या हातात दिला. पलीकडून मुलगा. आवाज असा की जणू त्याच्याच पोटावरून ट्रक गेलाय.

"आई, तुम्ही आहात कुठं?"

"फाट्यावर. तुझा ट्रक कुठाय?"

"ट्रक दुपारपासून तिथंच होता! वळणापलीकडे सावलीत लावलेला. ड्रायव्हर म्हणतो, तो फाट्यावरच्या हॉटेलात बसून होता. आणि हॉटेलवाल्या बाईनं त्याला सांगितलं, असल्या लोकांचं सामान भरू नकोस, निघून जा. कोण आहे ही बाई?"

मी म्हटलं, "तू आधी ड्रायव्हरला परत फिरव. बाईचं नंतर बघू."

फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे वळले. हे झाडावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"मला वाटलंच होतं," हे हळूच म्हणाले. "पांढऱ्या शर्टवाला ड्रायव्हर असणार म्हणून."

"वाटलं होतं? मग तोंडात काय गुळणी धरली होती?"

"अगं, तू त्याला जा म्हणत होतीस. तुला नाही कसं म्हणायचं?"

ट्रक परत आला तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्याकडे बघत राहिला. "मावशी, तुम्हीच?"

"मीच."

"मग मला घालवलंत कशाला?"

"तू ट्रक घेऊन समोर आला नाहीस, नुसता शर्ट घालून आलास. मला कसं कळणार?"

"मला सांगितलं होतं गाठोडी दिसतील. इथं तर घड्याळ टांगलेलं."

चहा पिऊन बसलेल्या मंडळींनी मात्र हात लावला, अन्नाला जागली म्हणायची. आजोबांना पलंगावरून उठवायला जरा वेळ लागला, पण बाकी सगळं खोलीखोलीनं चढलं, अगदी मी म्हटलं होतं तसं. आणि शहरातही तसंच उतरलं. एक कप फुटला नाही. उशीच्या खोळीत गाळणी सापडली नाही. शहाण्यांनी येऊन शिकाव्यात अशा गोष्टी आहेत या.

फक्त रस्त्यावरचे दिवे लागून बराच वेळ झाला होता.

तरी मी आशा सोडली नव्हती. सूनबाई शेवटी बाईमाणूस आहे, प्रवासातून आलेल्या सासूशी असं घड्याळ लावून वागणार नाही, असं मला वाटत होतं. मी पाय धुवायला गेले, तेवढाच वेळ. बाहेर आले तर माझे सगळे डबे वरच्या फळीवर, माझा हात पुरणार नाही अशा उंचीवर, ओळीनं लागलेले. आणि सूनबाई हसत म्हणते, "आई, मी तुमची वाट बघत होते. पण बाबांना विचारलं, डबे वर ठेवू ना? ते हो म्हणाले."

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी भिंतीकडे बघितलं.

मी ह्यांना गॅलरीत नेलं आणि दार लोटून घेतलं. "अहो, ऐका. जन्मभर सगळ्यांना हो म्हणालात, मी चालवून घेतलं. पण आज एकदा, फक्त एकदा, मला नाही म्हणाला असतात, तर तो ओटा माझा होता. मी चुकतेय असं दिसलं की मला अडवणारं एक तरी माणूस घरात लागतं. आजपासून ते काम तुमचं. मी काहीही म्हणाले तरी नाही म्हणायचं. जमेल?"

"हो," हे म्हणाले.

"झालं," मी म्हटलं. "पहिल्याच प्रश्नाला नापास."